मोहनसिंग ओबेरॉय : कारकून ते हॉटेलसमूहाचे संस्थापक

भारतीय हॉटेल व्यवसायाचे अध्वर्यू मोहनसिंग ओबेरॉय यांचे नाव घेताच त्यांनी उभारलेल्या भव्य हॉटेलांची आठवण होते. मात्र वरिष्ठांनी विश्वास टाकल्यास सामान्य कर्मचारीही मोठी जबाबदारी कशी पेलू शकतो, याचेही त्यांचे जीवन उत्तम उदाहरण आहे.

ओबेरॉय यांचा जन्म 15 ऑगस्ट 1898 रोजी तत्कालीन पंजाब प्रांताच्या झेलम जिल्ह्यातील भौन या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ते अवघे सहा महिन्यांचे असताना त्यांच्या वडिलांचे निधन झाले. आर्थिक अडचणींमुळे त्यांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले. 1922 मध्ये नोकरीच्या शोधात ते सिमल्यास आले. तेथील सेसिल हॉटेलात त्यांना दरमहा 50 रुपये वेतनावर कारकुनाची नोकरी मिळाली.

सेसिलमधील वरिष्ठ अधिकारी अर्नेस्ट क्लार्क यांनी या तरुणाची मेहनत हेरली. पुढे क्लार्क यांनी सिमल्यात स्वतःचे हॉटेल चालवण्यास घेतले, तेव्हा त्यांनी ओबेरॉय यांनाही सोबत नेले. सहा महिन्यांच्या रजेवर जाताना क्लार्क यांनी हॉटेलचा संपूर्ण कारभार त्यांच्यावर सोपवला. हा विश्वास ओबेरॉय यांनी सार्थ ठरवला. मायदेशी परतण्याचा निर्णय घेतल्यावर क्लार्क यांनी हॉटेल त्यांनाच विकत घेण्यास सुचवले. पत्नी इश्रनदेवी यांचे दागिने आणि स्वतःची मालमत्ता गहाण ठेवून 1934 मध्ये ओबेरॉय यांनी ते हॉटेल घेतले.

साथीच्या रोगानंतर बंद पडलेले कोलकात्याचे ग्रँड हॉटेल त्यांनी 1938 मध्ये भाडेपट्ट्याने घेतले आणि ते पुन्हा नावारूपास आणले. 1943 मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया या कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती आली. सेसिल हॉटेल याच कंपनीचे होते. जेथे कारकुनी केली, त्याच हॉटेलचे ते मालक झाले.

मालक म्हणून ओबेरॉय कडक शिस्तीचे होते. वृद्धापकाळातही ते हॉटेलांची पाहणी करून बारीकसारीक उणिवा दाखवून देत. ही कामे त्यांनी स्वतः केलेली असल्याने त्यांच्या सूचनांना अनुभवाचा आधार होता. केवळ धाकाने उत्तम सेवा घडत नाही. तिला प्रशिक्षण आणि संधी यांची जोड लागते, हेही त्यांनी ओळखले होते. 1966 मध्ये त्यांनी हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. हॉटेलांमध्ये महिलांना नोकऱ्या देण्यातही त्यांनी पुढाकार घेतला.

ओबेरॉय संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य होते. 2001 मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरवण्यात आले. 3 मे 2002 रोजी, वयाच्या 103 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्लार्क यांनी एका कारकुनावर टाकलेल्या विश्वासातून सुरू झालेल्या या वाटचालीने पुढे हजारो कर्मचाऱ्यांसाठी रोजगाराचे दार उघडले.