रमण महर्षींची लक्ष्मी

तिरुवण्णामलै येथे अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी रमणाश्रम आहे. तेथे एका गाईची समाधी आहे. लक्ष्मी तिचे नाव. तिची हकीकत सांगायची म्हणजे आधी महर्षींचे थोडे सांगितले पाहिजे.

रमणांचा जन्म ३० डिसेंबर १८७९ रोजी तामिळ देशात तिरुचुळी गावी झाला. घरचे नाव व्यंकटरमण. सोळाव्या वर्षी, १८९६ साली, मदुरेस चुलत्यांच्या घरी त्यांना एकाएकी मरणाचे भय वाटले. प्रेतवत् निश्चल पडून, देह गेल्यावर उरतो तो कोण, याचा त्यांनी शोध घेतला आणि त्या थोड्या वेळात त्यांचे आयुष्यच पालटले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला ते अरुणाचली आले, ते अखेरपर्यंत तेथेच राहिले.

मी कोण, हा एकच शोध धरून राहणे हे त्यांचे ध्यान. तो आतला प्रकाश माणसालाच तेवढा लाभला आहे, असे मात्र त्यांनी मानले नाही. तामिळ बोलीत जनावराला नपुंसकलिंगी म्हणतात. महर्षी तो किंवा ती म्हणत. (आपणही मांजराला ते मांजरच म्हणतो की!) आश्रमातली कुत्री म्हणजे त्यांची मुले. जेवणवेळी आधी कुत्र्यांना, मग भिकाऱ्यांना आणि शेवटी भक्तांना वाढावे, असा शिरस्ता होता. एकदा डोंगरावर त्यांच्या पायाचा धक्का गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागला. आपण त्यांचे घर मोडले, तेव्हा शिक्षा योग्यच, म्हणून माश्या डसत असता ते पाय न हलवता उभे राहिले.

लक्ष्मी १९२६ साली वासरू असताना आश्रमात आली. पुढे ती आपण होऊन महर्षींपाशी येई. १८ जून १९४८ रोजी ती अत्यवस्थ झाली, तेव्हा ते गोठ्यात तिच्याशेजारी बसले. एक हात तिच्या मस्तकावर, दुसरा हृदयावर. १९२२ साली आई अळगम्माळ यांच्या अंतकाळीही ते असेच बसले होते. आईला जे दिले ते गाईलाही!

तिला मुक्ती मिळाली, असे त्यांनी तिच्यासाठी रचलेल्या तामिळ श्लोकात म्हटले आहे. हा शब्द केवळ उपचाराचा का, असे एका भक्ताने विचारले. त्यावर तो अक्षरशः घ्यावा, असे त्यांनी सांगितले. पशुदेहातही कोणी आपले उरलेले कर्म फेडण्यास आलेला असू शकतो, असे त्यांचे मत होते.

महर्षी १४ एप्रिल १९५० रोजी गेले. लक्ष्मीच्या समाधीशेजारी हरिण, कावळा आणि कुत्रा यांच्याही समाध्या आहेत.