काचेच्या कुपीतील पेशी : डॉ. कमल रणदिवे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पेशीवर लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण आमच्या मोहगावात कॅन्सर हा शब्द अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो. त्या रोगाच्या मुळाशी जाण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी म्हणूनच लिहावेसे वाटले.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. कमलताईंनी वनस्पतिशास्त्र निवडले. १९३९ साली गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच्.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे काम केले.

ऊतिसंवर्धन म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या कुपीत पेशी जिवंत ठेवून वाढविणे. मराठी शाळेत मी जिला पेशी म्हणून शिकले, तिला कन्नडमध्ये जीवकोश म्हणतात. हा कोश नुसती पिशवी नव्हे. त्याच्या आत प्रथिनांच्या बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. पेशीचा आकार, तिची हालचाल आणि तिचे विभाजन त्यावरच अवलंबून असते. निरोगी पेशी कुपीच्या तळाशी पसरते आणि शेजारणीला टेकली की बहुधा थांबते. कर्करोगाच्या पेशी एकमेकींवर चढत जातात. आमच्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध याच सांगाड्यातील काही धाग्यांची जुळणी रोखते, म्हणून पेशीचे विभाजन अडते.

मायदेशी परतून कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही संशोधन केले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुरा त्यांनी वाहिली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९७३ चे काम. त्या वर्षी स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. या संघटनेने पुढे वाशीला नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालविले. हिशेब शिकणाऱ्या मला यात मोठे शहाणपण दिसते. मोहगावची एखादी मुलगी संशोधनासाठी मुंबईस निघाली, तर तिला सूक्ष्मदर्शकाआधी राहायला खोली लागेल.