मोहसिन यांचे नऊ हिस्से

वक्फ कायद्यात २०२५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा संसदेत आणि संसदेबाहेर जमिनींच्या आकड्यांची पुष्कळ चर्चा झाली. आपली मिळकत वक्फ करणारा माणूस नेमके काय करीत असतो, याची मात्र फारशी झाली नाही. ते समजून घेण्यासाठी कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळी गावात दोनशे वर्षांमागे होऊन गेलेल्या हाजी मुहम्मद मोहसिन यांच्याकडे वळावे लागते.

त्यांचा जन्म १७३२ चा, इराणी वंशाच्या एका शिया व्यापारी घराण्यातला. आईच्या पहिल्या विवाहातील कन्या मन्नूजान ही त्यांची थोरली बहीण. तिच्या पित्याची मोठी जमीनदारी तिच्याकडे आली होती आणि वैधव्यानंतर ती तिने स्वतः सांभाळली. मोहसिन यांना मात्र जमीनदारीची ओढ नव्हती. इराण, इराक आणि अरबस्तानात त्यांनी अनेक वर्षे भ्रमंती केली, हज केला, आणि ते परतले ते उतारवयाकडे झुकल्यावर. विवाह त्यांनी केला नाही. १८०३ मध्ये मन्नूजान निवर्तल्या आणि जेसोर परिसरातील सय्यदपूरच्या विस्तीर्ण जमिनी सत्तरी ओलांडलेल्या या फकिरी वृत्तीच्या माणसाच्या पदरात पडल्या.

तीनच वर्षांनी, १८०६ मध्ये, त्यांनी वक्फनामा लिहून दिला. इस्लामी कायद्यानुसार वक्फ केलेली मालमत्ता कायमची ईश्वराची होते. ती विकता येत नाही, दान देता येत नाही, वारशाने उतरत नाही. मुतवल्ली हा तिचा केवळ व्यवस्थापक, मालक नव्हे; आणि दात्याने, म्हणजे वाकिफाने, घातलेली अट त्याच्यावर बंधनकारक असते. मोहसिन यांनी ही अट हिशेबी काटेकोरपणे घातली. उत्पन्नाचे नऊ हिस्से करावेत: तीन फातिहा, मोहरम आणि इमामबाड्याच्या निगराणीसाठी, चार नोकरवर्ग, निवृत्तिवेतने व दानधर्म यांसाठी, आणि दोन, प्रत्येकी एक, दोघा मुतवल्लींना. कुटुंबाच्या नावे एकही हिस्सा नव्हता. त्या काळी अनेक श्रीमंत मुसलमान संततीच्या निर्वाहासाठी वक्फ करीत. ती प्रथाही धर्मकायद्याला मान्यच होती. मोहसिन निपुत्रिक असल्याने तो प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला नाही, इतके लक्षात ठेवूनच त्यांच्या औदार्याचे माप घ्यावे. ते तरीही मोठेच भरते.

१८१२ मध्ये ते वारले आणि नेमलेल्या दोघा मुतवल्लींचे हात सैल सुटले. वाकिफ नि:संशय प्रामाणिक होता, परंतु हिशेब कोणी तपासावा याची तरतूद त्याच्या दस्तऐवजात पुरेशी नव्हती. जुन्या व्यवस्थेत ही तपासणी काझीची. भ्रष्ट मुतवल्लीला दूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे असे. बंगालमध्ये काझीची ही सत्ता एव्हाना ओसरली होती आणि १८१० च्या एकोणिसाव्या रेग्युलेशनने धर्मादाय निधींवरील देखरेख कंपनी सरकारच्या रेव्हेन्यू बोर्डाकडे गेली होती. सरकारने हस्तक्षेप केला, मुतवल्लींनी दावे लावले, आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचून १८३५ मध्ये निकाली निघाले. खटला चालू असताना उत्पन्न साचत गेले होते.

या शिलकेचे काय करायचे? सरकारने तिच्यातून १८३६ मध्ये हुगळी कॉलेज उघडले. चिन्सुऱ्यातील इमामबाडा रुग्णालयही याच निधीतून उभे राहिले. कॉलेजात बहुसंख्य विद्यार्थी हिंदू होते. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय त्यांच्यापैकीच एक. एका मुसलमानाच्या दानातून आधुनिक बंगाली साहित्याचा पाया घालणारा माणूस शिकला, ही गोष्ट आज सांगताना बरी वाटते. परंतु वक्फनाम्यात कॉलेजाचा उल्लेख नव्हता, हेही तितकेच खरे. शिल्लक रकमेचा विनियोग वाकिफाच्या हेतूशी शक्य तितका जवळ असावा, हे धर्मकायद्याचे तत्त्व. तो हेतू ठरवण्याचे काम कलकत्त्याच्या अधिकाऱ्यांनी परस्पर केले आणि इंग्रजी शिक्षणाला पुण्यकार्य मानले. कॉलेज निघाले याबद्दल तक्रार करण्याचे कारण दिसत नाही. ज्या समाजासाठी ही पुंजी सांभाळायची होती त्या समाजाला विश्वस्त सरकारने कधी विचारले नाही, खटकते ते हे.

नवाब अब्दुल लतीफ यांनी ही बाब चिकाटीने पुढे रेटली. १८७१ मध्ये विल्यम हंटर यांनी बंगालच्या मुसलमानांवरील आपल्या पुस्तकात मोहसिन निधीचा गैरवापर झाला असे स्पष्ट म्हटले, तेव्हा एका सरकारी अधिकाऱ्याच्याच लेखणीतून आलेले हे दूषण टाळणे अवघड झाले. १८७३ मध्ये सरकारने निर्णय फिरवला. हुगळी कॉलेजचा खर्च प्रांताच्या तिजोरीवर टाकण्यात आला आणि मोहसिन निधी मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोकळा झाला. त्यातून ढाका, चितगाव व राजशाही येथे मदरसे निघाले, गरीब मुलांचे शुल्क भरले गेले, शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

या कथेचा एक धागा न्यायालयात जातो. हुगळीतच शिकलेले सय्यद अमीर अली पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९०९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्याय समितीवर गेले. तेथे बसणारे ते पहिले भारतीय. १८९४ मध्ये याच कौन्सिलने कौटुंबिक वक्फ अवैध ठरवला होता, कारण इंग्रज न्यायाधीशांना आपल्या वंशजांचे पोषण हे धर्मकृत्य वाटेना. अमीर अलींनी या समजुतीविरुद्ध सातत्याने लिहिले आणि मुहम्मद अली जिनांच्या पुढाकाराने १९१३ च्या कायद्याने कौटुंबिक वक्फला पुन्हा मान्यता मिळाली. मोहसिन यांनी जो मार्ग स्वीकारला नव्हता, त्याच्या रक्षणाला त्यांच्याच दानाच्या छायेत शिकलेला विद्वान उभा राहिला, हा योग विलक्षण.

१९४७ च्या फाळणीत हुगळीचा इमामबाडा भारतात राहिला आणि जेसोरच्या जमिनी पूर्व पाकिस्तानात गेल्या. कॉलेजला आता मोहसिन यांचेच नाव आहे, चितगावमध्येही त्यांच्या नावाचे एक कॉलेज आहे. इमामबाड्याच्या मनोऱ्यांमधले भले मोठे घड्याळ त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी बसवले गेले. दाता स्वतः मात्र जवळच, बहिणीच्या शेजारी, एका साध्या कबरीत विसावला आहे.