एका पंगतीसाठी वेचलेले आयुष्य

थळ घाट चढून १८६५ मध्ये आगगाडी इगतपुरीला पोहोचली आणि मुंबईची वाट घाटमाथ्याला खुली झाली. डब्यातील एकाच बाकावर नाना जातींची माणसे खेटून बसू लागली. गाडीतून उतरताच मात्र पाणी वेगळे, वस्ती वेगळी आणि पंगत तर वेगळीच. रेल्वेने जवळ आणलेली माणसे सण-समारंभात एकत्र का बसत नाहीत, हा प्रश्न ज्यांनी जन्मभर उराशी बाळगला, त्यांत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

२३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथील एका मराठा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराला वारकरी पंथाचे वळण होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १८९८ मध्ये ते पदवीधर झाले. वकिलीचा अभ्यास सोडून ते प्रार्थना समाजाकडे वळले. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तौलनिक धर्माचे अध्ययन केले आणि परतल्यावर मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारकपद स्वीकारले.

सुशिक्षितांसमोर व्याख्याने देऊन अस्पृश्यता हटणार नाही, हे त्यांना लवकरच उमगले. १९०५ मध्ये नगरजवळील भिंगार येथे अस्पृश्य बांधवांच्या सभेत ते रात्री उशिरापर्यंत बसले आणि तेथेच त्यांच्या जीवनकार्याचा निश्चय पक्का झाला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना झाली. न्यायमूर्ती नारायण चंदावरकर अध्यक्ष होते. परळला पहिली शाळा उघडली. शिंदे यांच्या भगिनी जनाबाई या कार्यात पुढे होत्या. सय्यद अब्दुल कादर यांच्यासारखे सहकारीही मिळाले. पुढे मंडळीचे काम पुणे, मनमाड, हुबळी अशा अनेक ठिकाणी पोहोचले.

शाळा, वसतिगृहे ही कामाची एक बाजू होती. भजन, उपासना, व्याख्यान, स्नेहसंमेलन अशा निमित्तांनी दोन्ही समाजांना समोरासमोर बसविणे ही दुसरी आणि अधिक अवघड बाजू. दुरून दया दाखविणे सोपे असते. शेजारी बसून घास घेताना मनातील विटाळ उघडा पडतो. ऑक्टोबर १९१२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली. तिथे चर्चेबरोबरच स्पृश्य-अस्पृश्यांचे सहभोजनही झाले. ज्या पुण्यात सावलीचाही विटाळ मानला गेला होता, तेथे ही गोष्ट लहान नव्हती.

बोलणे आणि वागणे यांतील अंतर किती असते, याचा प्रत्यय मार्च १९१८ मध्ये आला. मुंबईच्या परिषदेला महाराजा सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. लोकमान्य टिळकांनी व्यासपीठावरून अस्पृश्यतेचा कडक शब्दांत निषेध केला. दैनंदिन व्यवहारात अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर मात्र त्यांनी स्वाक्षरी केली नाही.

शिंदे यांची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर अशी होती. सनातनी त्यांना धर्मबुडवे समजत. दुसरीकडे, अस्पृश्यांच्या वतीने स्पृश्यांनीच का बोलावे, असा रास्त प्रश्न जागृत झालेला अस्पृश्य तरुण विचारू लागला. स्वतंत्र राजकीय प्रतिनिधित्वाच्या वादात मतभेद तीव्र झाले. स्वतःच सुरू केलेल्या संवादातून टीका ऐकण्याची वेळ आली. १९२३ मध्ये ते मंडळीच्या जबाबदारीतून बाजूला झाले आणि अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांना पुढे वाट मिळाली. सतरा वर्षे रक्त आटवून उभारलेल्या कामापासून दूर होताना त्यांना क्लेश झाले नसतील असे नाही. तरीही त्या कार्याशी असलेला जिव्हाळा त्यांनी सोडला नाही.

१९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा कारावास भोगला. १९३३ मध्ये भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा त्यांचा संशोधनग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्तरायुष्यात पुण्यात त्यांनी कौटुंबिक उपासनेचा पुरस्कार केला. जातिभेद बाहेर सभेत दिसत असला, तरी त्याचे मूळ स्वयंपाकघरात आणि माजघरात असते, ही त्यामागची जाण होती. म्हणूनच स्त्रिया आणि मुलांसह घरेच्या घरे एकत्र यावीत, असा त्यांचा आग्रह होता. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. तथापि कायदा पाणवठा खुला करू शकतो, शेजाऱ्याला घरच्या पंगतीचे निमंत्रण देऊ शकत नाही. ते ज्याचे त्यालाच द्यावे लागते. गल्लीतील गणेशोत्सव असो वा सोसायटीतील हळदीकुंकू, कोणाला बोलावले यापेक्षा कोणाला बोलावायचे राहून गेले, हे पाहण्याची सवय लागली तर महर्षींच्या कार्याचा वारसा पुढे गेला, असे म्हणता येईल.