हमीदा बानू : एक मिनिट चौतीस सेकंदांच्या आधी आणि नंतर

बडोद्याला कुस्ती काही नवीन नव्हती. मांडवी म्हणजे जुन्या बडोद्याचं काळीज. तिथून चार रस्ते चार दरवाजांकडे जातात : लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. गायकवाडांच्या राज्यात या दरवाजांच्या आतबाहेर तालमी घुमत होत्या, पाणीगेटजवळच्या अगडात हत्तींची साठमारी रंगत होती. मांडवीजवळच्या नजरबाग राजवाड्याचं नाव निघालं की जुनी माणसं गामा पैलवानाची गोष्ट सांगतात. २३ डिसेंबर १९०२ला गामाने बडोद्यात १२०० किलोंचा दगड उचलला, असं त्या दगडावर कोरलेलं आहे. तो दगड आज सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये आहे. पुढे जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी कितीतरी मराठी आणि गुजराती मुलांना जोर-बैठका आणि मल्लखांबाची गोडी लावली. थोडक्यात, कुस्ती बघून डोळे दिपतील असं हे शहर नव्हतं.

तरीही मे १९५४मध्ये हे शहर हललं. लॉऱ्यांवर, गाड्यांवर पोस्टर लावून जाहिरात फिरू लागली, की एक बाई पुरुष पैलवानाशी कुस्ती खेळणार आहे. खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळवणारे बडोद्याचे सुधीर परब तेव्हा लहान होते. ती जाहिरात त्यांच्या म्हातारपणापर्यंत लक्षात राहिली. बाईचं नाव होतं हमीदा बानू. भारतातली पहिली व्यावसायिक महिला पैलवान म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं.

आपल्यातल्या बहुतेकांना हे नाव कळलं ते ४ मे २०२४ला, गूगलच्या डूडलमुळे. एक दिवस सगळ्यांनी ते चित्र शेअर केलं आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेलो. पण या बाईचं आयुष्य एका दिवसाच्या चित्रात मावणारं नाही. ते समजून घ्यायचं तर कुस्तीसोबत कुस्तीचा धंदाही समजून घ्यावा लागतो.

हमीदा मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची. बाईमाणसाने लांग बांधून मातीत उतरावं हे तिथल्या लोकांना पटणारं नव्हतं. नातेवाईक सांगतात की या विरोधामुळेच तिला गाव सोडून अलीगढला यावं लागलं. तिथे सलाम पैलवान नावाचे वस्ताद तिला मिळाले. त्यांच्या हाताखाली ती तयार झाली आणि पुढे वर्तमानपत्रांनी तिला अलीगढची ॲमेझॉन म्हणायला सुरुवात केली.

तिच्या अंगकाठीबद्दल आणि खुराकाबद्दल त्या काळच्या बातम्यांत भरपूर लिहिलं गेलंय. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. रोज साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, जवळजवळ दोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि बिर्याणीच्या दोन थाळ्या. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत. हे वाचून हसू येतं, पण कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत जाऊन विचारा, खुराक ही चैनीची गोष्ट नसते. तो पैलवानाचा सगळ्यात मोठा खर्च असतो. संस्थानं होती तोवर तो खर्च राजे उचलायचे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं, गायकवाडांनी बडोद्यात पैलवान सांभाळले. संस्थानं विलीन झाली आणि पैलवानाच्या दुधाचं बिल कोणी भरायचं हा प्रश्न उघडा पडला. उत्तर एकच होतं : तिकीट काढून येणारा प्रेक्षक. आणि प्रेक्षकाला तिकीट काढायला लावायचं तर जोड नुसती बरोबरीची असून चालत नाही, तिच्यात काहीतरी अचाट हवं.

हमीदाकडे ते अचाट जन्मतःच होतं. ती बाई होती.

१९४४मध्ये मुंबईत तिची आणि गुंगा पैलवानाची कुस्ती जाहीर झाली तेव्हा सुमारे २०,००० माणसं जमली, रस्त्यावरची वाहतूक तुंबली. पण ऐनवेळी गुंगा पैलवानाने जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली. यात हमीदाची काही चूक नव्हती. पण वीस हजार माणसं आपल्यासाठी येतात हे तिला त्या दिवशी कळलं असणार, आणि प्रोमोटरांना तर नक्कीच कळलं.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९५४मध्ये, तिने ते प्रसिद्ध आव्हान दिलं : जो पुरुष तिला कुस्तीत हरवेल त्याच्याशी ती लग्न करेल. तेव्हा ती तिशीच्या सुरुवातीला होती आणि तोवर जिंकलेल्या कुस्त्यांचा तिचा आकडा ३००च्या वर गेलेला होता. पटियालाचा एक नामांकित पैलवान आला आणि हरला. कलकत्त्याचा एक आला, तोही हरला. तिसरी कुस्ती बडोद्याला ठरली.

हे आव्हान मला आधी आवडलं नव्हतं. वाटलं, एवढी ताकदीची बाई आणि स्वतःलाच इनाम म्हणून मांडते? नंतर लक्षात आलं की यात एक हुशारी आहे. बाईशी खेळणं कमीपणाचं असं म्हणून पुरुष पैलवान टाळाटाळ करायचे. त्यांना मैदानात ओढायचं तर त्यांच्या अहंकारालाच गळ टाकायला हवा होता. आता नाही म्हटलं तर घाबरला, हो म्हटलं आणि हरला तर आयुष्यभराची चेष्टा. ती मात्र हरणार नाही या खात्रीवर उभी होती. आव्हानात लग्नाचं नाव होतं, पण प्रत्येक कुस्तीनंतर ती होती तशीच मोकळी घरी जात होती.

बडोद्याला तिच्यासमोर आधी छोटे गामा पैलवान उतरणार होते. बडोद्याच्या महाराजांचा त्यांना आश्रय होता. ऐनवेळी त्यांनी बाईशी कुस्ती खेळणार नाही असं सांगून अंग काढून घेतलं. मग बाबा पैलवान समोर आले. कुस्ती एक मिनिट चौतीस सेकंद चालली. बाबा पैलवान चीत झाले, आणि त्यानंतर त्यांनी कुस्तीतून निवृत्ती जाहीर केली. परदेशी वृत्तसंस्थांनीही ही बातमी जगभर पाठवली. ज्या शहरात गामाचा दगड जपून ठेवलाय तिथे एका बाईने अठ्ठ्याण्णव... नाही, नीट मोजलं तर चौऱ्याण्णव सेकंदांत काम संपवलं. दगडावर मात्र हे कोणी कोरलं नाही.

आता अवघड भागाकडे येऊ. या कुस्त्या खऱ्या होत्या का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. कोल्हापुरात तिने सोमासिंग पंजाबीला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलिसांना बोलवावं लागलं. लोकांचं म्हणणं होतं की कुस्ती ठरवून खेळली. पुण्यात रामचंद्र साळुंखेंबरोबरची कुस्ती कुस्तीच्या संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. हमीदाने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. तेव्हा बडोदा, पुणे, कोल्हापूर ही सगळी एकाच मुंबई राज्यात होती, त्यामुळे मुंबईतला निर्णय तिच्या पोटावरच येत होता. मोरारजींचं उत्तर असं होतं की ती बाई आहे म्हणून कुस्त्या थांबवलेल्या नाहीत. आयोजक तिच्यासमोर डमी पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत म्हणून थांबवल्या आहेत.

हे उत्तर सरळ खोटं म्हणता येत नाही. त्या काळात तिकिटावर चालणाऱ्या कुस्त्यांमध्ये नुरा कुस्ती, म्हणजे आधीच निकाल ठरलेली कुस्ती, सर्रास होती हे सगळ्यांना माहीत होतं. किंगकाँग, दारासिंग यांच्या फ्रीस्टाइल दंगलींना गर्दी व्हायची आणि त्यातलं किती खरं, किती नाटक यावर पानाच्या ठेल्यावर वाद व्हायचे. हमीदाच्या काही कुस्त्या ठरवलेल्या नसतीलच असं छातीठोकपणे कोण सांगणार?

पण एक गोष्ट खटकते. दारासिंगच्या कुस्तीवर शंका घेणारा माणूसही दारासिंगच्या ताकदीवर शंका घ्यायचा नाही. त्याला दगड मारणं तर लांबच. पुढे तो सिनेमाचा हिरो झाला, टीव्हीवर हनुमान झाला, राज्यसभेत गेला. हमीदाच्या बाबतीत मात्र कुस्तीवरची शंका लगेच तिच्या अंगावर यायची. पुरुष जिंकला तर तो जिंकला. बाई जिंकली तर समोरच्याने सोडली. धंदा सगळ्यांचा एकच होता, हिशोब मात्र तिच्याकडेच मागितला गेला. डमी उभे करणारे आयोजक होते, पोटावर पाय आला तो तिच्या.

त्याच वर्षी मुंबईत तिने व्हेरा चिस्टिलिन या रशियन पैलवान बाईला एका मिनिटाच्या आत पाडलं. व्हेराला रशियाची अस्वलीण म्हणायचे. यानंतर हमीदाने जाहीर केलं की ती युरोपात जाऊन तिथल्या पैलवानांशी लढणार आहे. उर्दूतल्या मोठ्या लेखिका कुर्रतुलऐन हैदर यांच्या 'डालनवाला' या कथेतही तिचा उल्लेख येतो. म्हणजे ती नुसती बातमी उरली नव्हती, लोकांच्या बोलण्यात शिरली होती.

आणि मग ती वर्तमानपत्रांतून एकदम नाहीशी होते. युरोपचा दौरा झाला नाही.

का झाला नाही, याची गोष्ट तिच्या कुटुंबीयांनी आणि शेजाऱ्यांनी कितीतरी वर्षांनंतर पत्रकारांना सांगितली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सलाम पैलवानांना तिचं युरोपला जाणं मंजूर नव्हतं. तिला अडवण्यासाठी त्यांनी तिला काठ्यांनी मारलं. हात मोडला, पायालाही जबर मार बसला, आणि पुढे कित्येक वर्षं ती काठीशिवाय नीट चालू शकत नव्हती. दोघांचं लग्न झालं होतं की नव्हतं, यावर घरातच दोन मतं आहेत. ज्या वस्तादाने तिला उभं केलं त्यानेच तिला खाली बसवलं, एवढं मात्र या सांगण्यातून दिसतं.

इथे थांबून विचार करावासा वाटतो. मैदानात तिला कोणी चीत केलं असं तिने कधी मान्य केलं नाही. हजारो लोकांसमोर नियम होते, रेफ्री होता, वेळ मोजणारं घड्याळ होतं. घरात यातलं काहीच नव्हतं. तिथे झालेल्या हाणामारीला कोणी डमी म्हटलं नाही, कोणी हरकत घेतली नाही, कोणी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं नाही. लोकांना राग आला तो बाई पुरुषाला हरवते याचा. पुरुष बाईला मारतो याचा राग यायला त्यांना तिकीट काढावं लागलं नसतं.

सलाम पैलवान अलीगढला परत गेले. हमीदा कल्याणला राहिली. तिने म्हशींच्या दुधाचा धंदा केला, काही जागा भाड्याने दिल्या. हातात पैसे उरले नाहीत तेव्हा घरी खाण्याचे पदार्थ करून रस्त्याच्या कडेला विकले. एके काळी रोज साडेपाच लिटर दूध पिणारी बाई आता लोकांना दूध मोजून देत होती. १९८६मध्ये ती गेली, असं तिच्या घरचे सांगतात. तिच्यासमोरून लोकलला धावणाऱ्या कल्याणकरांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की या बाईसाठी मुंबईत कधी वीस हजार माणसं जमली होती?

तिच्यानंतर बायकांच्या कुस्तीला मान मिळायला खूप वेळ लागला. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आली ती २००४मध्ये, अथेन्सला. साक्षी मलिकचं ब्राँझ २०१६चं. आपल्याकडे महाराष्ट्र केसरी १९६१पासून आहे, पण पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३मध्ये, सांगलीत. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने तो किताब जिंकला. तिच्याविरुद्ध अंतिम फेरीत उतरली होती वैष्णवी पाटील, आणि ती कल्याणची होती. त्या दिवशी मैदानात दोन्ही बाजूंना बायकाच होत्या. लग्नाची पैज नव्हती. कुस्ती खरी की खोटी असं कोणी विचारलं नाही, आणि जिंकणाऱ्या मुलीवर दगड पडले नाहीत, हार पडले.