मैना गावावर का राहिली?

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड कानावरून गेली नाही असा मराठी माणूस विरळाच. महाराष्ट्र दिनाला ती म्हटली जाते, कलापथके ती गातात आणि अण्णाभाऊंच्या जयंतीला तर तिच्यावाचून भागतच नाही. पण ही मैना कोण, असे विचारले की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पोटासाठी मुंबईला गेलेल्या नवऱ्याची ती बायको. दुसरा म्हणतो, छे, ती तर महाराष्ट्रापासून तोडलेली बेळगाव-कारवारची भूमी. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गेली. तिथे हा वाद मी जेवणाच्या सुट्टीत कितीदा तरी ऐकला. आमचे एक सहकारी मैनेच्या अंगावरच्या प्रत्येक दागिन्याला एकेक जिल्हा नेमून द्यायचे. जिल्हे संपले आणि दागिने उरले, तेव्हा ते तालुक्यांवर आले!

हसण्यासारखे आहे खरे; पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाण्यातल्या राजकारणाचा अर्थ लावायचा तो कशाच्या आधाराने? मला वाटते, या गाण्यापुरते तरी त्याचे उत्तर ते रचणाऱ्याच्या आयुष्यात आहे.

तुकाराम भाऊराव साठे हे अण्णाभाऊंचे मूळ नाव. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. घर मांगवाड्यातले. दारिद्र्य तर होतेच, शिवाय जातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा इंग्रजांचा कायदा आणि त्यापायी येणारा हजेरीचा जाच. शाळा जेमतेम दीड दिवसाची, असे त्यांच्याबद्दल सांगतात. १९३१ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईला निघाले ते पायी. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करायचे, भाकरीची सोय झाली की पुढचा मुक्काम गाठायचा. वाटेगाव ते मुंबई हे अंतर ज्या मुलाने स्वतःच्या तळव्यांनी मोजले, त्याला गाव सुटणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मुंबईत हमाली झाली, फेरीवाल्याचे काम झाले, गिरणीतली मजुरी झाली. अक्षरे दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून गिरवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली. तिथे त्यांनी पहिले गीत रचले ते म्हणे वस्तीतल्या डासांवर! ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. क्रांती, भांडवलशाही, वर्गलढा हे शब्द आजूबाजूला घुमत असताना या तरुणाने सुरुवात केली ती रात्री चावणाऱ्या डासापासून. आधी अंगाला झोंबणारी गोष्ट, मग तिच्यामागचे कारण, हा क्रम त्यांनी पुढेही सोडला नाही.

१९४३ मध्ये त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा आला आणि पुढच्याच वर्षी लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे त्याचे तीन खांब. यातले अमर शेख मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. पहाडी आवाजाचे शाहीर. गिरणगावातल्या मैदानांवर आणि खेड्यापाड्यांच्या पारांवर या मंडळींनी गाणी आणि वग केले. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातले सामान बदलले. आरंभीच्या गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि तिच्यासाठी खपणाऱ्यांना मुजरा घातला. राधा-कृष्णाची गवळण काढून टाकली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले, तेव्हा हाच खेळ लोकनाट्य या नावाने उभा राहिला.

इथे कुणी विचारील, खेड्यातल्या निरक्षर माणसाला प्रतीक कसे कळायचे? हा प्रश्न बारामतीकराने तरी विचारू नये. कवी मोरोपंत याच गावात राहिले आणि १७९४ साली इथेच वारले. त्यांच्या ‘केकावली’चे नावच पाहा. केका म्हणजे मोराचा टाहो. मोर मेघाला हाक मारतो, तशी भक्ताने देवाला मारलेली ती हाक आहे. पुढे कीर्तनकारांनी पंतांच्या आर्या घरोघरी पोचवल्या. ज्या मुलखातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या कीर्तनात बसून पक्ष्याच्या हाकेत भक्ताची हाक ऐकली, त्यांना मैनेत आणखी कुणी दिसले तर त्यात नवल ते काय! दुहेरी अर्थ ही शिकलेल्यांची मिरास नाही.

आता त्या गाण्याकडे येऊ. काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली, पण मराठी माणसाच्या वाट्याला गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य आले. बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती. गोळीबारात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. या लढ्याची बहुतेक गाणी शिवरायांची, सह्याद्रीची, भवानी तलवारीची. ते स्वाभाविकच होते. अण्णाभाऊंनी मात्र महाराष्ट्राचे दुःख सांगायला निवडली ती गावच्या वेशीवर उभी राहिलेली एक गरीब बाई.

गाणे तीन टप्प्यांत चालते. पहिल्यात मैना आहे. तिचे रूप, तिचा स्वभाव लावणीच्या थाटात रंगवलेला आहे. गरिबीने ताटातूट होते. पहाटे शिदोरी बांधली जाते. ती वेशीपर्यंत पोचवायला येते आणि तिचा चेहरा उतरतो. तो तिला हसवण्यासाठी एकेका दागिन्याचे नाव घेऊन वचने देतो, पण ती हसत नाही. कर्जाच्या कागदांत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ही दागिन्यांची यादी वचनचिठ्ठीसारखी वाटते. लिहून देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक आहे की ती वटणार नाही. दुसऱ्या टप्प्यात मुंबई येते. बेकारांची, यंत्रांची, मोटारीतून फिरणाऱ्यांची आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्यांची. आणि तिसऱ्यात लढा उभा राहतो. शाहीर स्वतःच सांगून टाकतो की माझी मैना जशी दुरावली, तशीच या खंडित महाराष्ट्राची गत झाली आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावे तो उघड घेतो.

म्हणजे गाठ बांधणाऱ्यानेच ती सोडून दिली आहे. याच्या उलट उदाहरण इंग्रजी संगीतात सापडते. बीटल्स या रॉक गायकांच्या चमूचे ‘ब्लॅकबर्ड’ हे १९६८ चे गाणे. ऐकायला ते एका काळ्या पाखराचे गाणे. पण अमेरिकेत नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांना उद्देशून ते लिहिले होते, हे पॉल मॅकार्टनीने पुढे अनेक वर्षांनी सांगितले. इंग्लंडच्या बोलीत पाखरू म्हणजे तरुण मुलगी, हाही खुलासा त्याने केला. इकडे मैना, तिकडे ब्लॅकबर्ड. दोन्हीकडे पाखराच्या आडून बाईच. फरक एवढाच की तिथे अर्थासाठी गाणाऱ्याला विचारावे लागले. अण्णाभाऊंच्या श्रोत्याला घरी जाताना सगळे समजलेले असणे गरजेचे होते. त्याला उद्या मोर्चाला जायचे होते.

मग वाद कशाला उरला? तो उरला, कारण आपण शेवटच्या टप्प्यावरून मागे वाचतो. भूमी सापडली की बायको विसरतो. अण्णाभाऊंनी मैनेच्या बदल्यात महाराष्ट्र ठेवलेला नाही. मैनेच्या शेजारी ठेवला आहे. नकाशावरची रेघ चुकीची ओढली गेली हे दुःख दिल्लीच्या कागदावरचे. ते गिरणी कामगाराच्या काळजात उतरायचे तर त्याला स्वतःच्या ताटातुटीची आठवण द्यायला हवी होती. आणि एकदा ती दिली की पुढचा प्रश्न आपोआप येतो. ज्या गरिबीने नवरा-बायकोची ताटातूट केली, तिचे काय? मुलूख एक झाला तर ती जाणार आहे का? या गाण्यातले खरे राजकारण मला या प्रश्नात दिसते.

बारामती आणि इंदापूरच्या मातीत हा प्रश्न उघड्या डोळ्यांना दिसतो. एकाच तालुक्यात दोन मुलूख. इंग्रजी अमदानीत नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. माळेगाव, भवानीनगर, वालचंदनगर इथे कारखान्यांची धुराडी आली. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र जिरायत, पावसाच्या भरवशावरची बाजरी-ज्वारी. माझ्या काळात कालव्याखालचा शेतकरी बिलाच्या चिठ्ठ्या घेऊन बँकेत यायचा आणि जिरायतातली बाई मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरीतले उरलेले वीस-पंचवीस रुपये ठेवायला यायची. अंगठा उठवताना नवऱ्याचा पत्ता विचारला की ती फक्त मुंबई म्हणायची. त्यापुढचा पत्ता तिला माहीत नसे. अशा बाईसमोर मैना म्हणजे बेळगाव असे सांगून पाहावे!

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मिळाली, डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसुरातच राहिले. त्या सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. म्हणजे नकाशावरची मैना गावावरच राहिली. आणि घरातली?

अण्णाभाऊंच्या स्वतःच्या घराकडे पाहावे. १९५९ साली ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी आली. ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आणि तिला राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. तिथे त्यांचे लेखन लोक वाचत होते. इकडे त्यांचा मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत; वीसहून अधिक वर्षे तिथेच लिहिणे. कादंबऱ्या, कथा, वग, पोवाडे यांचा एवढा मोठा ढीग त्या झोपडीतून बाहेर पडला आणि लिहिणाऱ्याच्या हाती फार थोडे लागले. अखेरीस गोरेगावला सरकारी घर मिळाले. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीलाही न पोचता, ते गेले. ज्या राज्यासाठी ते गायले, त्याने नुकतीच नऊ वर्षे पुरी केली होती.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, अमर शेख यांचा इंदापूरजवळ मोटार अपघातात मृत्यू झाला. दोन शाहीर एका पावसाळ्यात गेले. मी इंदापूरला असताना पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला चहा पिताना जुनी माणसे तो दिवस काढायची आणि बोलता बोलता गप्प व्हायची.

मरणानंतरचा मान मात्र मोठा. १९८५ साली सरकारने अण्णाभाऊंच्या नावाने मातंग समाजासाठी विकास महामंडळ काढले. त्याची कर्जप्रकरणे आमच्या टेबलावर यायची: शेळ्या, झाडू-केरसुण्यांचा धंदा, बँडची वाद्ये. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. हे सगळे योग्यच झाले. मला खटकते ते एवढेच की कार्यक्रमात गाणे म्हणताना पुष्कळदा मधला टप्पा गाळतात. रूपवर्णन राहते, शेवटचा जोश राहतो. बेकारांची मुंबई तेवढी वेळेअभावी जाते. तो टप्पा गेला की मैना का राहिली याचे कारणच जाते, आणि गाणे नुसत्या अभिमानाचे होऊन बसते.

इंदापूरने या गाण्याला आणखी एक अर्थ दिला आहे, तो अण्णाभाऊंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले आणि तालुक्याची नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार ओसरले की उन्हाळ्यात उघडे पडते, आणि उठून गेलेली माणसे ते पाहायला काठावर येतात. माझ्या शाखेतले एक खातेदार, मूळचे अशाच एका बुडालेल्या गावचे, ही छक्कड ऐकली की म्हणायचे, मुंबईला गेलेल्याला निदान परत यायला गाव होते. मैना त्यांच्याबरोबरच होती; गावच राहिले नव्हते.

त्यांनी लावलेला अर्थ कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. तरी तो चुकीचा आहे असे म्हणायची माझी तयारी नाही. मोठ्या कारणासाठी कुणाला तरी मागे सोडले जाते, तिथे तिथे हे गाणे पोचते. येत्या १ ऑगस्टला ते कुठे कानावर आले तर एवढे जरूर करावे: मधला टप्पा गातात की नाही, ते ऐकावे.