शाळेच्या खर्चाचे विश्वस्त : सेठ जमनालाल बजाज

जेमतेम मराठी प्राथमिक शाळेपुरते शिक्षण झालेल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने वर्ध्यात शाळा काढली आणि पंचवीस वर्षांनी तिच्याच रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एक मोठा प्रश्न देशापुढे आला. गरीब देशातील लाखो मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा? सेठ जमनालाल बजाज यांच्या चरित्रात स्वातंत्र्यलढा, खादी आणि गोसेवा यांची एवढी दाटी आहे की या शाळेची हकिगत सहसा मागे पडते. शाळेतील मैदान, व्यायाम आणि खेळ यांना पैसा कोठून आणायचा, हा आजही न सुटलेला प्रश्न मात्र त्याच हकिगतीत दडलेला आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात, साध्या कुटुंबात झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी सेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले आणि पाच वर्षांचाही न झालेला हा मुलगा वऱ्हाडच्या सीमेवरील कापसाच्या पेठेत येऊन दाखल झाला. शाळा लवकर सुटली, पेढीवरचे शिक्षण सुरू झाले. १९०२ मध्ये जावऱ्याच्या जानकीदेवींशी विवाह झाला. हातखर्चासाठी रोज मिळणाऱ्या रुपयातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती निघावी म्हणून दिले, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून येते. श्रीमंत घरातील मुलाचे खेळण्या-खाण्याचे पैसे सार्वजनिक कामाला लागले, ते असे.

सतराव्या वर्षी एका लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबा संतापले आणि त्यांनी संपत्तीचा उल्लेख करून नातवाला बोल लावले. जमनालालजींनी संपत्तीवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहून दिले व घर सोडले. बच्छराजांनी त्यांची समजूत काढून त्यांना परत आणले. पण १९०७ मध्ये आजोबा निवर्तल्यावर जी इस्टेट हाती आली, ती आपली नव्हे, आपण केवळ तिचे राखणदार आहोत, ही भावना त्यांच्या मनातून कधी गेली नाही. विश्वस्तपणाचा विचार त्यांना गांधीजींकडून मिळाला असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याचे बीज या पत्रात होते आणि तेव्हा गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते.

शाळेचे काम गांधीजींच्या भेटीपूर्वीचेच. त्या काळी मारवाडी समाजातील मुलगा हिशेब करण्यापुरता शिकला की त्याला पेढीवर बसवीत. जमनालालजींनी श्रीकृष्णदास जाजू यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने प्रथम विद्यार्थिगृह, नंतर १९१२ मध्ये शाळा आणि १९१४ मध्ये मारवाडी शिक्षा मंडळ उभे केले. पुढे शाळेचे नाव नवभारत विद्यालय झाले आणि जातिवाचक पाटी उतरली. व्यापाऱ्याच्या देणगीवर चालणाऱ्या शाळेचे सगळे गुण तिच्यात होते. इमारत, जागा, वसतिगृह यांची सोय करायला सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नव्हती. दोषही तोच होता. दाता उदार असेल तोवर शाळा चालणार, आणि प्रत्येक गावाला जमनालाल बजाज मिळणार नव्हते.

१९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर त्यांचे आयुष्य बदलले. ते स्वागताध्यक्ष होते, पुढे काँग्रेसचे खजिनदार झाले. वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले, सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी परत केली. त्यांच्या आग्रहाने एप्रिल १९२१ मध्ये विनोबा वर्ध्यास आश्रम चालवायला आले आणि बजाजांची मुले त्या आश्रमाच्या वळणात वाढली. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास घडला, १९२८ मध्ये घरचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघासाठी त्यांनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. दोन वर्षांनी गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तेथेही जमनालालजींचीच बरीच जमीन होती.

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि पैशाचा प्रश्न पुढे ठाकला. प्रांतिक सरकारांच्या उत्पन्नाचा मोठा भाग दारूवरील अबकारीतून येई आणि शाळांचा खर्च त्याच उत्पन्नावर चाले. दारूबंदी करावी तर शाळांचे पैसे बंद, शाळा चालवाव्यात तर बापाने दारू प्यावी तेव्हा मुलाने शिकावे. या कोंडीतून गांधीजींनी वाट काढली ती अशी : मुलांनी शाळेत सूत काढावे, हस्तोद्योग करावा, सरकारने तो माल ठरावीक दराने विकत घ्यावा आणि त्यातून शिक्षकाचा पगार निघावा. जागा, इमारत व साधने यांचा खर्च या हिशेबात धरलेला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नवभारत विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून श्रीमन्नारायण यांनी शिक्षणतज्ज्ञांना बोलावण्याचे ठरवले आणि २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात परिषद भरली. झाकीर हुसेन, विनोबा, काकासाहेब कालेलकर, कुमारप्पा, मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल असे लोक जमले. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेला हरकत घेतली. शाळकरी मुलांचा माल सरकारच्या पाठबळाने बाजारात आला तर कारागिराने काय करायचे, हा त्यांच्या हरकतीचा गाभा होता. शुक्लांची विद्यामंदिर योजना आणखी निराळी होती : गावातील जमीनदारांनी शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या पिकावर शिक्षकाचे घर चालावे. एका वर्ध्यात एकाच वेळी शाळेच्या खर्चाचे चार मार्ग असे समोरासमोर आले : सरकारचा कर, दात्याची देणगी, दानाची जमीन आणि मुलाचे हात.

परिषदेनंतर नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने डिसेंबरच्या आरंभीच अहवाल दिला. त्यातील वेळापत्रक वाचण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणित मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व विज्ञान ३० मिनिटे, मधली सुटी १० मिनिटे आणि शारीरिक शिक्षण १० मिनिटे. समितीला शरीराची पर्वा नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. हातांनी काम करणे हाच त्या शिक्षणाचा आत्मा होता. परंतु ज्या शाळेला आपला खर्च आपणच मिळवायचा आहे, तेथे कमाई न देणाऱ्या तासांवर पहिली कात्री चालते. कबड्डीच्या डावातून सुताची लडी निघत नाही.

शेजारच्या अमरावतीत त्याच काळात नेमके उलटे चित्र होते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी कसरती दाखवून आले होते. तेथे व्यायाम हाच संस्थेचा उद्देश होता. त्यासाठी वेगळी संस्था काढावी लागली, यातच सामान्य शाळेच्या अंदाजपत्रकात त्याला किती जागा होती हे उघड होते.

पुढे १९४४ च्या सार्जंट अहवालाने मूलोद्योगी शिक्षण स्वीकारले, पण मालाच्या विक्रीतून फार तर जादा सामग्रीचा खर्च निघेल, शिक्षणाचा नव्हे, असा निर्वाळा दिला. म्हणजे भार पुन्हा सरकारी तिजोरीवर आला. त्या तिजोरीतून खेळासाठी स्वतंत्र रक्कम निघायला बराच काळ गेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आणि क्रीडासाहित्य आवश्यक ठरवले. २०१८ मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजार रुपयांपर्यंत क्रीडा अनुदानाची तरतूद झाली. पाच हजारांत किती चेंडू आणि किती दोऱ्या येतात याचा हिशेब मुख्याध्यापकांना पाठ असतो. मैदान त्या रकमेतून येत नाही. ते सरकारने किंवा कोणा दात्याने आधी दिलेले असावे लागते.

जमनालालजींनी स्वतः या वादात कोणता एक मार्ग धरला? त्यांच्या वागण्यावरून पाहिले तर एकही सोडला नाही. नयी तालीमच्या कामामागे ते उभे राहिले आणि त्याच वेळी शिक्षा मंडळासाठी इतर व्यापाऱ्यांकडेही हात पसरीत राहिले. १९४० मध्ये गोविंदराम सेकसरिया यांच्या देणगीतून वर्ध्यात वाणिज्य महाविद्यालय निघाले. दात्याने स्वतः देऊन थांबू नये, दुसऱ्याच्या तिजोरीचेही कुलूप उघडावे, हा त्यांचा खाक्या होता आणि त्यांच्या सगळ्या देण्यांत हाच बहुधा अधिक मोलाचा ठरला. एका माणसाच्या उदारपणावर चालणारी शाळा अनेकांच्या जबाबदारीवर आली.

जयपूर प्रजामंडळाच्या लढ्यात आणि वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंग झाले, प्रकृती खालावली. शेवटच्या काही महिन्यांत त्यांनी गोसेवेला वाहून घेतले होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय ५२ वर्षांचे होते. जानकीदेवींनी आपली खासगी संपत्ती गोसेवेच्या कार्यासाठी देऊन टाकली. थोड्याच दिवसांत गांधीजींनी त्यांच्या मित्रांना वर्ध्यास बोलावले आणि जमनालालजींनी चालवलेली कामे कोणी कोणी उचलावीत, याची वाटणी करायला सांगितले. शिक्षा मंडळ टिकले आणि वाढले. १९६२ मध्ये त्याच मंडळाने वर्ध्यात जानकीदेवींच्या नावाने विज्ञान महाविद्यालय काढले.